‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ : तीन लहान शब्द आणि आपले आरोग्य

गेल्या सोमवारी दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. मानवतकडचे. हातात रक्तदाबाच्या तीन चिठ्ठ्या होत्या, तीन वेगवेगळ्या दिवशी तपासलेल्या. पहिलीवर १५८/८४, दुसरीवर १६२/८२, तिसरीवर १५६/८६. गुरुजी म्हणाले, “डॉक्टर साहेब, खालचा आकडा तिन्ही वेळा नव्वदच्या आतच आहे. म्हणजे मला बीपी नाही. मुलगा उगाच गोळी घ्या म्हणून मागे लागला आहे.”

मी विचारले, “गुरुजी, तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवायचा?”

“मराठी.”

“मग व्याकरणातूनच सांगतो. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा आकडा ९० किंवा त्याहून जास्त, असे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आढळले तर आम्ही उच्च रक्तदाब म्हणतो. तुम्ही त्या मधल्या ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ वाचले.”

गुरुजी क्षणभर गप्प राहिले आणि हसले. म्हणाले, “आयुष्यभर पोरांना उभयान्वयी अव्यय शिकवले, आणि स्वतःच चुकलो!”

वाचकहो, गुरुजींची चूक एका अव्ययाची होती. पण उतारवयात नेमका वरचाच आकडा वाढलेला असतो, खालचा बरा दिसतो, आणि पक्षाघाताचा व हृदयविकाराचा धोका त्या वरच्या आकड्यानेही वाढतो. म्हणजे एका अव्ययाची किंमत अर्धांगवायू इतकी होऊ शकते. म्हणून आजच्या लेखात कोणत्याही एका रोगाऐवजी या तीन शब्दांविषयीच लिहायचे ठरवले आहे.

या शब्दांचे गणित कोणी मांडले?

इंग्लंडमधील लिंकन गावी १८१५ साली जॉर्ज बूल नावाचा मुलगा जन्मला. वडील चांभारकाम करीत. घरची गरिबी, त्यामुळे उच्च शिक्षण झाले नाही. सोळाव्या वर्षी तो शिक्षकाची नोकरी करू लागला आणि गणित स्वतःच शिकला. पुढे १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील कॉलेजात तो गणिताचा प्राध्यापक झाला. १८५४ साली विचारांचे नियम सांगणारा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. आपण विचार करताना ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्द ज्या रीतीने वापरतो त्याचेही बीजगणित मांडता येते, हे त्याने दाखवले.

ते गणित आपल्यालाही समजण्याजोगे आहे. गोष्ट खरी असेल तर १ लिहा, खोटी असेल तर ०. ‘आणि’ म्हणजे गुणाकार. कितीही मोठी रांग असली तरी एक शून्य मध्ये आले की उत्तर शून्य. ‘किंवा’चे उलट आहे. रांगेत एक जरी १ असला तरी उत्तर १. आणि ‘नाही’ म्हणजे उलटापालट, १ चा ० आणि ० चा १.

आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. विहिरीवरची मोटार चालायची तर थ्री फेज लाईट पाहिजे, आणि विहिरीत पाणी पाहिजे, आणि स्टार्टर चांगला पाहिजे. तिन्हीपैकी एक नसेल तर पीक वाळते. हे ‘आणि’ झाले. बाजाराला जायचे तर बस चालेल, किंवा मोटारसायकल चालेल, किंवा शेजाऱ्याचा टेम्पो. एक मिळाले तरी काम भागते. हे ‘किंवा’ झाले. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने दाखवून दिले की विजेच्या बटणांची जुळणीही बूलच्याच गणिताने मांडता येते, आणि आजचे सगळे संगणक व मोबाईल त्याच पायावर उभे राहिले.

बूलच्या काळात याच विषयावर काम करणारा दुसरा मोठा गणिती ऑगस्टस डी मॉर्गन. त्याचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, मदुराई येथे झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. मोटार, लाईट सोडून आता दवाखान्यात येऊ.

‘आणि’ची साखळी

हगवणीच्या लेकराला आपण मीठ-साखर-पाणी देतो. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. अनेक आया मला विचारतात, “साखरेने हगवण वाढते म्हणतात, तर नुसते मीठ-पाणी दिले तर?” काहींना मीठ नको असते, नुसते साखरपाणी देतात.

इथे आतड्याचा स्वभाव समजून घ्या. आतड्याच्या अस्तरात एक दार आहे. ते मीठ आणि साखर (ग्लुकोज) बरोबर आले तरच उघडते. दोघे जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी आत ओढले जाते. हगवणीतही हे दार बहुधा शाबूत असते. म्हणजे मीठ, आणि साखर, आणि पाणी. यातले एक वगळले की गुणाकारात शून्य आले. प्रमाणही असेच सांभाळावे लागते. मीठ जास्त पडले तर अपाय होतो. म्हणून तयार ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच घ्यावी, आणि एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच टाकावी. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असा हिशेब करू नये, कारण पुडीतील अर्धे नेमके काढता येत नाही.

या साध्या ‘आणि’ची ताकद जगाला दिसली ती १९७१ साली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला होता. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आणले. या कामासाठी २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

‘आणि’चे दुसरे उदाहरण कुत्रा चावण्याचे. चावून रक्त आले असेल आणि पूर्वी रेबीजची पूर्ण लस घेतलेली नसेल, तर तीन गोष्टी करायच्या. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, आणि लसीचे सर्व डोस ठरल्या तारखांना घ्यायचे, आणि जखमेत व तिच्या भोवती सिरमचे इंजेक्शन घ्यायचे. आपल्याकडे काय होते? हळद किंवा मिरची भरतात आणि धुणे राहते. दोन डोस होतात, जखम भरते, आणि उरलेले डोस सोयाबीन काढणीत राहून जातात. सिरमचे तर नावही अनेकांना ठाऊक नसते. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही असेच समजावे. इथे तीनपैकी दोन केले म्हणजे शंभरपैकी सहासष्ट गुण मिळाले, असा हिशेब लागू नाही. साखळीची एक कडी तुटली की साखळी तुटली.

‘किंवा’ची यादी

आता धोक्याची लक्षणे पाहू. पाच वर्षांच्या आतील आजारी लेकराबाबत चार लक्षणे प्रत्येक आईने पाठ करावीत. लेकरू पाणी किंवा अंगावरचे दूध पिऊ शकत नाही. किंवा खाल्ले-प्यालेले सगळे ओकून टाकते. किंवा त्याला झटके आले. किंवा ते सुस्त पडले आहे, हाक मारली तरी दाद देत नाही. या चारांपैकी एक दिसले तरी लगेच मोठा दवाखाना गाठायचा.

पण घरात संवाद कसा होतो? आजी म्हणते, “झटका आला होता, पण आता दूध पितंय की. कशाला धावपळ?” म्हणजे आजीने ‘किंवा’ची यादी ‘आणि’ म्हणून वाचली. चारही लक्षणे एकदम दिसेपर्यंत थांबायचे, असा त्याचा अर्थ होतो. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

क्षयाचेही तसेच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, किंवा तितकाच लांबलेला ताप, किंवा वजन घटणे, किंवा रात्री दरदरून घाम, किंवा थुंकीतून रक्त. यातले एक असले तरी तपासणी करायची. “थुंकीत रक्त कुठंय, साधा खोकला तर आहे” असे म्हणून चार-चार महिने काढणारी माणसे मी आजही पाहतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

मधुमेहातही ‘किंवा’ आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा जास्त. मात्र त्रास काहीच नसेल तर एकाच अहवालावर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करायची. इथे ‘किंवा’च्या पुढे एक ‘आणि’ जोडलेला आहे, तोही वाचायला विसरू नये.

डी मॉर्गनचा नियम

डी मॉर्गनचा तो नियम असा. ‘हे किंवा ते’ यातले काहीच नाही असे म्हणायचे असेल, तर ‘हे नाही आणि तेही नाही’ असे दोन्ही सिद्ध करावे लागते. ऐकायला सोपे आहे. पण घरोघर चुका याच्याच होतात.

रक्तपेढीचे उदाहरण घ्या. आपण दिलेल्या रक्ताच्या पाच रोगांसाठी तपासण्या होतात. एचआयव्ही, ब प्रकारची कावीळ, क प्रकारची कावीळ, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. कोणतीही एक तपासणी दोषी आली तरी पिशवी बाद. पिशवी द्यायची तर पाचही ‘नाही’ आली पाहिजेत. बाद करायला एक कारण पुरते, चांगली म्हणायला पाचही लागतात.

तसेच लेकराचे. “धोका नाही” असे म्हणायचे असेल तर चारही लक्षणे एकेक करून पाहावी लागतात. “दूध पितंय” एवढे एकच पाहून धोका नाही म्हणता येत नाही. धोका आहे म्हणायला एक लक्षण पुरते, धोका नाही म्हणायला मात्र सगळी यादी तपासावी लागते.

गडचिरोलीचा धडा : सातपैकी दोन

इथे कोणी विचारील, “डॉक्टर, प्रत्येक बारीकसारीक लक्षणाला पळत सुटलो तर घर चालायचे कसे?” प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे सुंदर उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथल्या खेड्यांत नवजात बाळे जंतुदोषाने दगावत. दवाखाना लांब, प्रयोगशाळा नाही, बालरोगतज्ज्ञ नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच थोडे शिकलेल्या स्त्रियांना तयार केले आणि त्यांच्या हाती एक साधा नियम दिला. पाहायची लक्षणे सात. चांगले रडणाऱ्या बाळाचे रडणे मंदावले किंवा थांबले. चांगले चोखणाऱ्या बाळाचे चोखणे कमी झाले किंवा थांबले. जागे असणारे बाळ सुस्त किंवा बेशुद्ध झाले. अंग ९९ अंश फॅरनहाइटपेक्षा गरम किंवा ९५ पेक्षा थंड लागले. कातडीवर किंवा बेंबीत पू झाला. जुलाब, सतत उलट्या किंवा पोट फुगणे. आणि कण्हणे किंवा श्वास घेताना छाती जोरात आत ओढली जाणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर जंतुदोष समजायचा, आणि घरच्यांच्या संमतीने इंजेक्शन व औषध सुरू करायचे.

एकच लक्षण का नाही? कारण एका लक्षणावर इंजेक्शन दिले तर अनेक चांगल्या बाळांनाही सुई टोचली जाईल. सातही का नाही? कारण सात जमेपर्यंत बाळ हाती राहणार नाही. ‘किंवा’ फार सैल, ‘आणि’ फार घट्ट, म्हणून मधला मार्ग. ३९ गावांत हे काम झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, तेव्हा हे काम नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींच्या कामात आली. आज आपल्या पालम, सोनपेठच्या खेड्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे तापमान पाहतात, त्यामागे हा इतिहास आहे.

पण वाचकहो, एक फरक ध्यानात ठेवा. ‘सातपैकी दोन’ हा नियम शिकलेल्या कार्यकर्तीने औषध सुरू करण्यासाठी होता. आईसाठी नियम ‘सातपैकी एक’ हाच. एक दिसले की आशाताईला बोलवा किंवा दवाखाना गाठा. दाखवायला नेण्यात नुकसान झाले तर एका दिवसाच्या मजुरीचे. न नेण्यात नुकसान झाले तर बाळाचे. ज्या चुकीची भरपाई होत नाही, ती चूक आधी टाळायची. ‘आणि’ लावायचा की ‘किंवा’, हे ठरवण्याची खरी कसोटी हीच आहे.

माझी चूक

आता जे सांगतो ते या सदरात मी पूर्वी कधी लिहिलेले नाही.

१९८० च्या दशकाचा शेवट. मी नवा डॉक्टर होतो, एका लहान गावात बसत होतो. श्रावणातली पहाट. पूर्णा नदीच्या काठच्या गावातून बैलगाडीत एका पोराला आणले. वय चौदा-पंधरा. रात्री आखाड्यावर जमिनीवर घोंगडी टाकून झोपला होता. पहाटे पोटात मुरडा आला, दोन उलट्या झाल्या. बाप म्हणाला, “सायेब, साप-बिप तर नसंल ना चावला?”

मी पोराचे हातपाय पाहिले. खूण नाही. सूज नाही. विचारले, काही चावल्यासारखे वाटले का? तो नाही म्हणाला. मी बापाला सांगितले, “साप चावला असता तर सूज आली असती, दुखले असते. सूज नाही, दुखत नाही. म्हणजे साप नाही. पोटाचा विकार आहे.” पोटदुखीचे इंजेक्शन दिले आणि बाकावर झोपवले.

सूर्य वर आला तेव्हा पोर म्हणाले, “डोळे उघडत नाहीत.” पापण्या खाली आल्या होत्या. मग शब्द बोबडे झाले, थुंकी गिळता येईना. मला तेव्हा उमगले. जीप मिळवून मोठ्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत त्याचा श्वास थांबला. पिशवीने हवा भरायचे साधन त्या वेळी माझ्याकडे नव्हते. तोंडाने श्वास देत राहिलो. तो पोचला नाही.

ती मण्यार होती. मण्यारीचे दात बारीक असतात, खूण बहुधा दिसत नाही. सूज येत नाही, दुखत नाही, झोपलेल्याला चावल्याचे कळतही नाही. तिचे विष नसांवर काम करते, आणि पहिली तक्रार पुष्कळदा पोटदुखीचीच असते.

माझ्या बोलण्यात गफलत कुठे होती? ‘घोणस चावली तर सूज येते’ हे खरे. पण त्यावरून ‘सूज नाही म्हणजे घोणस नाही’ एवढेच फार तर म्हणता येते. ‘सूज नाही म्हणजे सापच नाही’ हे कुठून आले? विषारी साप म्हणजे नाग किंवा मण्यार किंवा घोणस किंवा फुरसे. ‘साप नाही’ म्हणायचे तर चारही नाकारायला हवे होते. मी एक नाकारला आणि बाकीचे तीन न पाहताच पुसून टाकले. डी मॉर्गनचा नियम मी नंतर वाचला, पण त्याचा अर्थ त्या जीपमध्येच शिकलो.

आजही हाच घोळ दुसऱ्या रूपात होतो. दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून पाहतात. रक्त गोठले नाही तर घोणस-फुरसे जातीचे विष समजते. पण रक्त गोठले, तर नातेवाईक म्हणतात, “रिपोर्ट चांगला आला, सुट्टी द्या.” रक्त गोठले याचा अर्थ रक्तावरचे विष तूर्त दिसत नाही. नसांवरच्या विषाबद्दल ती नळी काहीच सांगत नाही. म्हणून साप चावल्याची शंका असेल तर लक्षण नसले तरी चोवीस तास देखरेखीखाली राहावे.

आता पावसाळ्याचे महत्त्वाचे नियम. जमिनीवर झोपू नका, खाटेवर झोपा, मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. साप चावला किंवा शंका आली तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, विष तोंडाने ओढू नका. चावलेला हात-पाय हालू न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्या. आणि पहाटे अचानक पोटदुखी, पापण्या जड, बोलणे बोबडे, असे झाले व माणूस जमिनीवर झोपलेला असेल, तर खूण शोधत बसू नका.

चार खणांची परीक्षा

आणखी एक चूक फार गोड असते, म्हणून जास्त फसवते. “काविळीला माळ घातली आणि माणूस बरा झाला, म्हणून माळेने कावीळ जाते.” याची परीक्षा घ्यायला कागदावर चार खण पाडा. माळ घातली आणि बरा झाला. माळ घातली आणि बरा झाला नाही. माळ घातली नाही आणि बरा झाला. माळ घातली नाही आणि बरा झाला नाही. आपण फक्त पहिला खण पाहतो आणि त्याच्याच गोष्टी पारावर सांगतो. तिसरा खण भरून पाहा. दूषित पाण्याची साधी कावीळ बहुसंख्य लोकांत आपोआप काही आठवड्यांत बरी होते, माळ असो वा नसो. पण गरोदर बाईची कावीळ, किंवा काविळीत झोप-भ्रम, रक्तस्राव, पोटात पाणी अशी लक्षणे असतील, तर माळेत गेलेले दिवस जिवावर येतात. मांत्रिकाकडे साप चावलेले ‘बरे’ होतात त्याचेही कारण हेच. अनेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही.

विचारांचे नियम लिहिणाऱ्या बूलच्या घरीही या चुकीला जागा मिळाली असे सांगतात. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये तो भर पावसात सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांतच शिकवले, आणि फुफ्फुसाच्या आजाराने अंथरुणाला खिळला. ज्याने रोग आला त्यानेच तो जातो, अशी त्याच्या पत्नीची समजूत होती, म्हणून तिने त्याला ओल्या कापडांत गुंडाळले, अशी कथा आहे. ही पत्नी, मेरी, ज्यांच्या नावाने एव्हरेस्ट शिखर ओळखले जाते त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, स्वतः विदुषी. ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल वारला, वय अवघे एकोणपन्नास. शिकल्या-सवरल्या घरातही घाबरलेल्या वेळी विचार निसटतो. म्हणून नियम शांत वेळीच ठरवून भिंतीवर लावून ठेवावेत.

घरी करायचा अभ्यास

या आठवड्यात तीन गोष्टी करा. पहिली, घरातल्या औषधाच्या चिठ्ठ्या काढा आणि प्रत्येक ओळीत ‘आणि’ आहे की ‘किंवा’, ते डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून लिहून घ्या. तापाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत आतले औषध एकच, पॅरासिटामॉल, असू शकते. त्या ‘ही किंवा ती’ घ्यायच्या असतात. ‘ही आणि ती’ घेतल्या तर मात्रा दुप्पट होऊन यकृताला इजा होऊ शकते. दुसरी, लेकराच्या धोक्याची चार लक्षणे मोठ्या अक्षरात लिहा आणि वर लिहा, ‘यातले एक जरी’. तिसरी, कुत्रा चावल्यावरच्या तीन गोष्टी लिहा आणि वर लिहा, ‘यातले सर्व’. दोन्ही कागद चुलीजवळ किंवा देवघराजवळ, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे चिकटवा. घरातल्या शाळकरी मुलाकडून ते आजीला वाचून दाखवा.

हे नियम डॉक्टरची जागा घेत नाहीत. डॉक्टरकडे केव्हा जायचे, एवढेच ते सांगतात. पण तो ‘केव्हा’ चुकला तर पुढचे सगळे चुकते.

मानवतचे गुरुजी परवा पुन्हा आले. गोळी सुरू आहे, जेवणातले वरचे मीठ बंद केले आहे. खिशातून वहीचे पान काढून दाखवले. त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘वरचा किंवा खालचा’, आणि ‘किंवा’ खाली लाल शाईने दोन रेघा. तेच पान आता त्यांच्या गल्लीतल्या इतर म्हाताऱ्यांनाही दाखवतात म्हणाले.

ते पान पाहताना मला त्या पहाटेच्या बापाचा प्रश्न आठवला. “साप-बिप तर नसंल ना?” प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. उत्तर मी घाईने दिले. वाचकहो, तुमच्या घरात कोणी असा प्रश्न विचारला, तर ‘नाही’ म्हणण्याआधी यादी शेवटपर्यंत वाचा.